स्वयंसेवकांचं कौतुक करताना चुकतं कुठे: ५ डिसेंबरच्या तीन महिने आधीपासूनची तयारी, पायरीपायरीने

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला फोन येतात, "ताई, ५ तारखेला स्वयंसेवकांचा सत्कार ठेवलाय, सर्टिफिकेटचा मजकूर पाठवता का?" मी विचारते यादी झाली का, तास लिहिलेत का, नावं ज्याची त्याला दाखवून घेतलीत का, तर उत्तर येतं ते करू आता दोन दिवसात. ते दोन दिवसात होत नाही. मग चुकीची नावं छापली जातात, खरं काम केलेली माणसं राहून जातात, आणि ज्याचं राहिलं तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी येतही नाही.

मंडळ, वाचनालय, बारव साफ करणारा गट, रक्तदान शिबिर भरवणारी मंडळी, वारीत दवाखाना लावणारे, अशा छोट्या गटांसाठी हे लिहितेय. मोठ्या संस्थांकडे पगारी माणूस असतो, आपल्याकडे नसतो, म्हणून पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. क्रम उलटा केला की सगळं काम दोनदा करावं लागतं.

१. तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजा

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिवस, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८५ मध्ये ठरवलेला. २०२६ हे अख्खं वर्षच महासभेने शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे बऱ्याच गटांना पहिल्यांदाच असा कार्यक्रम करावासा वाटतोय, छान आहे.

पण ५ डिसेंबर गाठायलाच हवा असं अजिबात नाही. तुमचे लोक शेतकरी असतील आणि तेव्हा ऊसतोड किंवा रब्बीची गडबड असेल तर जानेवारीत घ्या. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी तर तिथला आठवडा धरावा: ब्रिटनमध्ये जूनचा पहिला आठवडा, अमेरिकेत आणि कॅनडात एप्रिल, ऑस्ट्रेलियात मे. त्या आठवड्यात तिथल्या लायब्ररी, नगरपालिका, शाळा सगळेच स्वयंसेवकांबद्दल बोलत असतात, हॉल आणि पाहुणे सोपे मिळतात, आणि आपल्या लोकांचं काम मराठी वर्तुळाबाहेरही दिसतं.

मागे मोजणी साधारण अशी. तीन महिने आधी नोंदवही पूर्ण करायला घ्या, दोन महिने आधी यादी पक्की, सहा आठवडे आधी प्रत्येकाला विचारणं, महिनाभर आधी मजकूर लिहायला बसायचं, दोन आठवडे आधी छपाई. छपाईनंतर एक आठवडा मोकळा ठेवा, चुका त्यातच सापडतात.

२. स्वयंसेवक कोणाला म्हणायचं ते लिहून ठेवा

ही पायरी सगळे सोडतात आणि मग यादीच्या वेळी भांडणं होतात. कामगारविषयक आकडेवारी ठरवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली झाली, तिने एक व्याख्या दिलीय आणि ती आपल्यालाही उपयोगी पडते. थोडक्यात सांगायचं तर मोबदला नको, सक्ती नको, आणि काम आपल्या घरच्यांसाठी किंवा नातेवाइकांसाठी नको. त्यात अजून दोन गोष्टी आहेत ज्या लोकांना माहीत नसतात.

एक, संस्थेत नाव नोंदवलेलाच स्वयंसेवक असं नाही. शेजारच्या एकट्या आजींना दर आठवड्याला दवाखान्यात नेणारी बाईसुद्धा त्या व्याख्येत बसते. दोन, जेवण, प्रवासखर्च, छोटं मानधन मिळालं म्हणून माणूस स्वयंसेवक राहत नाही असं नाही. रोख मदत स्थानिक मजुरीच्या एक तृतीयांशाखाली असेल तर ती व्याख्येत चालते. त्यामुळे "त्याला आपण बसचं भाडं देतो ना, मग त्याचं नाव कशाला" हा वाद इथेच संपवा.

सक्तीचं मात्र बघा. कॉलेजने मार्कांसाठी पाठवलेली मुलं आणि आपणहून आलेली मुलं वेगळी लिहा. दोघांनाही पत्र द्या, पण एका यादीत नको.

तपासा: व्याख्या चार ओळींत लिहिली, कार्यकारिणीने वाचली, सह्या केल्या. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. नोंदवही, म्हणजे खरं काम इथे आहे

कौतुक स्टेजवर दिसतं पण ते घडतं वहीत. वही नसेल तर तुमच्याकडे फक्त आठवणी असतात, आणि आठवणीत नेहमी जोरात बोलणारी माणसं राहतात.

साधी दोनशे पानी वही चालते, एक्सेल आलं तर उत्तम. रकाने इतकेच: तारीख, नाव, काय काम केलं, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, सही. "काय काम" मध्ये "मदत" असं लिहू नका. "बारवेतला गाळ काढला, १४ पाट्या" असं लिहा, "रक्तदात्यांचे फॉर्म भरले", "संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत मुलांना गणित शिकवलं" असं लिहा. पुढे पत्रात हेच शब्द येणार आहेत.

तास मोजायचा नियम आधी ठरवा आणि सगळ्यांना एकच लावा. मी असा सुचवते: तयारी, मीटिंग, प्रशिक्षण, सामान आणणं हे सगळं मोजायचं. घरून कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास मोजायचा नाही, त्याचा खर्च द्यायचा. अर्ध्या तासाच्या पटीत लिहायचं. एखाद्याने १४ रविवार सकाळी ७ ते १० काम केलं तर ४२ तास. हे ४२ तुम्हाला वहीत बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत.

घरून होणारी कामं सुटतात, ही सगळ्यात मोठी गळती. हिशोब लिहिणारा, पोस्टर करणारी, फोन करून रक्तदाते जमवणारा, स्वयंपाक करणाऱ्या बायका. हे लोक कामाच्या जागी येऊन सही करत नाहीत. त्यांच्यासाठी दर रविवारी रात्री एकाने फोन करायचा, "या आठवड्यात किती वेळ गेला?" आणि वहीत लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते एका ठराविक माणसाकडे द्या, "कोणीतरी करेल" वर ठेवलं तर होत नाही.

मागच्या महिन्यांची वहीच नसेल तर? अंदाजाने मोठे आकडे टाकू नका. हजेरीचे मेसेज, बिलं, फोटोच्या तारखा, चहावाल्याचा हिशोब यांवरून जेवढं सिद्ध होतं तेवढंच लिहा, बाकी ठिकाणी तास न लिहिता फक्त काम लिहा. कामाचं वर्णन पुरेसं असतं.

सावध: फुगवलेले आकडे लगेच पकडले जातात. एका कार्यक्रमात एका तरुणाबद्दल वर्षात आठ वेळा रक्तदान केलं असं जाहीर झालं, समोर रक्तपेढीतले डॉक्टर बसले होते. पुरुषाला संपूर्ण रक्ताच्या दोन दानांमध्ये ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावं लागतं, मग आठ येणार कुठून. त्या मुलाने खरंच मनापासून केलेलं काम त्या एका वाक्याने संशयात आलं, आणि चूक त्याची नव्हती, ज्याने न तपासता लिहिलं त्याची होती.

४. यादी तीन बाजूंनी करा

यातली माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट सांगते. २०१९ च्या पुरात आमच्या भागातून कोल्हापूर-सांगलीकडे भाकऱ्या जायच्या. नंतर एका गटाने सत्कार ठेवला आणि यादी केली ती व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून. टेम्पोवर उभी असलेली पोरं सगळी आली. पहाटे चारला चुलीपुढे बसून रोज शेकड्याने भाकऱ्या थापणाऱ्या बायकांमधलं एकही नाव नव्हतं कारण त्या वेळी फोटो काढायला कोणाचा हात मोकळा होता. त्यातल्या एक मावशी कार्यक्रमाला आल्या होत्या, शेवटच्या रांगेत बसल्या, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेल्या. मी यादी करणाऱ्यांमध्ये नव्हते पण मला माहीत होतं, आणि मी वेळेत विचारलं नाही.

तेव्हापासून मी एकच सांगते, यादी कधीच एका बाजूने करू नका.

पहिली बाजू वही. दुसरी बाजू स्वयंसेवक स्वतः: प्रत्येकाला विचारा, "तुझ्याबरोबर कोण होतं? तू जे करू शकलास ते कोणामुळे?" या दुसऱ्या प्रश्नातून गाडी देणारा, चावी सांभाळणारा, मुलं बघणारी सासू अशी नावं निघतात. तिसरी बाजू ज्यांच्यासाठी काम केलं ते लोक: शाळेतल्या बाई, वस्तीतले लोक, रक्तपेढी. त्यांना विचारा "तुम्हाला कोण आठवतं?"

तिन्ही याद्या शेजारी ठेवा. एकाच यादीत असलेलं प्रत्येक नाव थांबून बघा. बहुतेक वेळा ते राहून जाणारं माणूस असतं.

सावध: देणगी देणारे आणि वेळ देणारे एका यादीत टाकू नका. देणगीदारांचे आभार जरूर माना, वेगळ्या दिवशी माना. एकत्र केलं की पहिला मान पैशाला जातो आणि गाळ काढणारा माणूस पुन्हा मागे बसतो.

तपासा: काम सोडून गेलेले, गाव बदललेले, वर्षाच्या मध्ये वारलेले स्वयंसेवक यादीत आहेत का? त्यांच्या घरी पत्र जायला हवं.

५. प्रत्येकाला विचारा

फोन करा किंवा भेटा, फॉर्म पाठवून मोकळे होऊ नका. चार गोष्टी विचारायच्या.

नाव कसं छापायचं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. मराठीत आणि लागलं तर इंग्रजीत, दोन्ही. मधलं नाव वडिलांचं, आईचं की नवऱ्याचं, की नकोच, हे आपण ठरवायचं नाही. मुलं-मुली हे पत्र ॲडमिशनला, नोकरीला, व्हिसाच्या कागदांना जोडतात आणि आधारवरच्या नावाशी जुळलं नाही की ते बाजूला पडतं.

नाव जाहीर झालेलं चालेल का? सगळ्यांना चालत नाही. व्यसनमुक्तीच्या गटात काम करणारे, एचआयव्ही असलेल्यांसोबत काम करणारे, घरच्यांना न सांगता येणाऱ्या बायका. त्यांना पत्र हातात द्या, स्टेज नको.

फोटो चालेल का? १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्याच. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यातही १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि कायदा नसता तरी घ्यायलाच हवी होती.

चौथी गोष्ट कोणी विचारत नाही: तुम्हाला काय मिळालं तर बरं वाटेल? आपण शाल-श्रीफळ आणि ट्रॉफी धरून चालतो. मी विचारायला लागल्यापासून जी उत्तरं मिळाली ती अशी: नोकरीसाठी शिफारसपत्र, पेट्रोलचे राहिलेले पैसे, नवीन हातमोजे आणि गमबूट, दोन महिने सुट्टी, "माझ्या आईला कार्यक्रमाला बोलवा". ट्रॉफी मागणारं क्वचितच कोणी भेटलं. राहिलेले खर्चाचे पैसे तर कार्यक्रमाच्या आधीच देऊन टाका. लोकांच्या खिशातले पैसे अडकवून त्यांच्या अंगावर शाल घालणं मला योग्य वाटत नाही.

६. मजकूर: सरसकट सर्टिफिकेट नको, पत्र लिहा

"आपल्या उल्लेखनीय योगदानाबद्दल हार्दिक अभिनंदन" ही ओळ सत्तर जणांना छापली की ती कोणाचीच राहत नाही. वाचणाऱ्याला, विशेषतः कॉलेजच्या किंवा नोकरीच्या ठिकाणी, त्यातून काहीच कळत नाही.

पत्रात हे यायला हवं: पूर्ण नाव, काळ कधीपासून कधीपर्यंत, नेमकं काम, एकूण तास असतील तर तास, काय शिकले किंवा काय सांभाळलं, सही करणाऱ्याचं नाव-पद-फोन, तारीख, जावक क्रमांक. नमुना म्हणून असं:

"जून ते नोव्हेंबर या काळात आपण आमच्या अभ्यासिकेत दर मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवलं, एकूण ९२ तास. ऑगस्टपासून हजेरी आणि पालकांशी बोलण्याची जबाबदारीही आपण घेतली. त्या सहा महिन्यांत अभ्यासिका एकही मंगळवार बंद राहिली नाही."

शेवटचं वाक्य बघा. विशेषण एकही नाही, पण ज्याला मिळेल तो ते जपून ठेवेल.

प्रत्येकासाठी एक तरी वाक्य फक्त त्याचं असावं. साठ लोक असतील तर साठ वाक्यं, त्यासाठीच महिनाभर आधी बसायला सांगितलं. तिघांनी वीस-वीस वाटून घ्या, जो ज्याच्यासोबत काम करत होता त्याने त्याचं लिहावं.

राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं तुमच्याकडे येत असतील तर त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यामुळे त्यांच्या पत्रात तारीखवार तास जोडा आणि कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या की कुठला नमुना चालतो. नंतर बदलून द्यायला लागलं तर मुलांची धावपळ होते.

सावध, हे गंभीर आहे: पत्रावर संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह टाकू नका. इंटरनेटवर सहज मिळतं म्हणून लोक टाकतात. ते परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि चिन्हं-नावं यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या आपल्या १९५० च्या कायद्याच्या यादीतही ते आहे. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे, तीही नको. तुमच्या गटाचं नाव आणि खरी सही पुरते.

पैशातली किंमत काढायची का, हे बरेच जण विचारतात. वार्षिक अहवालात, अनुदानाच्या अर्जात जरूर काढा, पद्धत सोपी आहे: तेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर तुमच्या गावात तासाला किती द्यावे लागले असते, गुणिले तास. अमेरिकेत स्वयंसेवेच्या तासाचा डॉलरमधला दर दरवर्षी जाहीर होतो, तो उचलून रुपयात करू नका, त्याचा आपल्या मजुरीशी संबंध नाही. आणि हा आकडा माणसाच्या पत्रात लिहू नका. ४२ तासांचे इतके रुपये असं वाचल्यावर कोणालाच बरं वाटत नाही.

तपासा: छापण्याआधी प्रत्येक पत्राचा फोटो त्या त्या माणसाला पाठवला आणि "बरोबर आहे" असं उत्तर आलं. उत्तर नाही आलं तर फोन. या एका पायरीने जवळपास सगळ्या चुका थांबतात.

७. प्रसिद्धी

इथे थोडक्यात. पोस्टमध्ये काम दाखवा, मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवू नका. पाकीट हातात देतानाचा फोटो कधीच नको, समोरच्या माणसाने अडचणीत हात पुढे केला म्हणून त्याचा फोटो गावभर फिरावा असं होत नाही.

"मोठ्या संख्येने सहभागी व्हा" ने कोणी येत नाही. "रविवारी सकाळी ७ ते १०, बारवेतला गाळ काढायचाय, हातमोजे आणि नाश्ता आम्ही देतो, १० वाजता नक्की संपेल, पाठीचा त्रास असेल तर नोंदी लिहायचं काम आहे" याने येतात. संपायची वेळ लिहिली की नवीन माणसाला भरवसा येतो, विशेषतः बायकांना, त्यांना घरचं बघून यायचं असतं.

८. कार्यक्रमाचा दिवस

पहिला नियम: ज्यांचा सत्कार आहे त्यांनी त्या दिवशी खुर्च्या लावायच्या नाहीत. हे लिहावं लागतं कारण जवळपास सगळीकडे तसंच होतं, सवयीचे हात कामाला लागतात. त्या दिवशी कार्यकारिणीने खुर्च्या लावायच्या, चहा द्यायचा, शेवटी झाडून घ्यायचं.

बसायची व्यवस्था: पहिल्या रांगा स्वयंसेवक आणि त्यांच्या घरच्यांसाठी. राखीव म्हणून चिठ्ठ्या लावा, नाहीतर तिथे पदाधिकारी बसतात.

वेळेचं गणित कागदावर करा. एका माणसाला बोलावणं, त्याच्याबद्दलचं वाक्य वाचणं, पत्र देणं याला दीड मिनिट. ४० माणसं म्हणजे ६० मिनिटं. पाहुण्यांना पाच मिनिटं आणि तेही सगळ्यांची नावं झाल्यावर, आधी नको. चाळीसच्या वर लोक असतील तर कामानुसार गट करून बोलवा, गट स्टेजवर असताना प्रत्येकाचं नाव वाचा.

पत्र कोण देणार? शक्यतो ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यातलं कोणी. अभ्यासिकेतल्या मुलीने आपल्या दादाला पत्र दिलं तेव्हा जे हॉलमध्ये झालं ते कुठल्याही मोठ्या पाहुण्याने झालं नसतं.

पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढू नका. तासांवर क्रमांक काढला की नोकरी करणारे, शेतात राबणारे, लहान मुलांच्या आया कायम मागे राहतात, कमी तास म्हणजे कमी तळमळ असं नसतं. शंभर तास पूर्ण केल्याचा बिल्ला वगैरे द्यायचा असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा, शेवटी शोधून काढू नका.

तपासा: पत्रं बोलावण्याच्या क्रमाने लावली आहेत, अवघड आडनावांचा उच्चार सूत्रसंचालकाने आधी विचारून घेतलाय, जिना चढता न येणाऱ्यांसाठी पत्र खाली नेऊन द्यायचं ठरलंय.

९. नंतरचे सात दिवस

जे आले नाहीत त्यांच्या घरी जाऊन पत्र द्या, पोस्टाने नको, व्हॉट्सॲपने तर नकोच. फोटो ज्याचे त्याला पाठवा. कोणाचं नाव राहिलं असं कळलं तर त्याच दिवशी फोन करा, "आमचं चुकलं" एवढं सरळ म्हणा, आणि पुढच्या कार्यक्रमाची वाट न बघता त्याच आठवड्यात घरी पत्र घेऊन जा. त्या भाकरीवाल्या मावशींकडे मी उशिरा का होईना गेले, पत्र त्यांच्या नातवाने वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

सगळ्या पत्रांची एक प्रत फाइलला लावा, कारण तीन वर्षांनी कुठल्यातरी कॉलेजातून खात्री करायला फोन येतो. परदेशातल्या मंडळांना ही फाइल अजून कामाची आहे: ब्रिटनमध्ये स्वयंसेवी गटांना राजाच्या नावाने जो पुरस्कार दिला जातो त्याचं नामांकन गटाबाहेरच्या माणसाने करायचं असतं आणि गट किमान तीन वर्षं काम करत असावा लागतो, त्या बाहेरच्या माणसाला लिहायला हीच कागदं द्यावी लागतात.

आणि पहिल्या रविवारी कामावर जाताना नवी वही घेऊन जा, वर तारीख टाका, जो पहिला येईल त्याची सही घ्या.